भागोजीचा कान

मिरकरवाडा बंदरात भागोजीच्या कानाचा दरारा होता. पस्तीस वर्षं ट्रॉलरवर इंजिन ड्रायव्हर म्हणून काढलेला माणूस. जेटीवर चहा पीत बसला असला, तरी आत येणाऱ्या बोटीचा आवाज ऐकून सांगायचा, "त्याचा एक नोझल गेलाय, सांगा मेल्याला." आणि नोझल गेलेलाच असायचा! असल्या माणसाची लेक आवाजाच्या नादी लागली, तर त्यात नवल ते काय?

राही लॅपटॉपवर संगीत करायची. त्यात गाणारं कोणी नाही, वाजवणारं कोणी नाही, बाहेरून टिपलेला एक आवाज नाही. सगळे आवाज तिने स्वतः शून्यातून घडवलेले. वाडीत विचाराल तर म्हणत, भागोजीची पोरगी डीजे हाय. गावातल्या एका पेपरातही तेच छापून आलं, आणि तेही कुठे, तर मिरवणुकीतल्या डीजेवर बंदी घाला या बातमीच्या शेजारी. राहीने तो पेपर घरात ठेवू दिला नाही.

भागोजी मात्र हेडफोन लावून ऐकायचा. 'खोल' नावाचा तिचा बारा मिनिटांचा तुकडा त्याने किती वेळा ऐकला याला गणती नाही. एकदा म्हणाला, "तिसरा ठोका जरा मागं ओढ गो. फार वेळेवर पडतोय, जिता वाटत नाय." राहीने ओढला, आणि तुकडा उभा राहिला.

जानेवारीत मुंबईहून मनस्वी आली. संगीतावरच्या एका इंग्रजी ऑनलाइन मासिकात लिहिणारी. दोन तास होती बाई. त्यातला पाऊण तास फोटोत गेला. जन्मात जाळं न विणलेल्या राहीला जाळ्यांच्या ढिगावर बसवलं, लॅपटॉप बर्फाच्या पेटीवर ठेवला. मग प्रश्न. मासळीचा वास आवडतो का, लहानपणी दर्याची भीती वाटायची का, बाबा बोटीवर गेले की आई रडायची का. हा आवाज केलास कसा, हे सोडून सगळं विचारलं! राही आपण होऊन सांगायला गेली, की ही "वाव, वाव" करत घड्याळ बघायची.

राही चहा आणायला आत गेली, तेव्हा मनस्वी भागोजीकडे वळली. "काका, 'खोल'मध्ये तो धडधडणारा आवाज आहे ना, तो तुमच्याच बोटीच्या इंजिनाचा ना?"

आता बंदरावरच्या लिलावाची एक रीत आहे. गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने मालाची तारीफ करत असेल, तर विकणाऱ्याने मधे जीभ घालायची नाही. "आजचीच ना सुरमई?" म्हणालं, की "हां" म्हणायचं आणि गप उभं राहायचं. भागोजीची हयात हेच बघण्यात गेलेली. समोर लेकीच्या मालाची तारीफ चाललेली. तो आवाज इंजिनाचा नाही हे त्याच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक होतं? तरी तोंडातून गेलंच, "हां हां, आमचंच इंजिन." बाई इतकी खूश झाली, की त्याने वर आणखी भर घातली, "त्या आवाजाशिवाय झोपायची नाय ती."

लेख आला. मथळ्याचा अर्थ असा, 'इंजिनाच्या अंगाईवर वाढलेली दर्याची लेक'. मिरकरवाडाभर ज्याच्या त्याच्या स्टेटसवर राहीचा फोटो. राहीने मात्र वाचून फोन पालथा ठेवला. "बाबा, हे तुम्ही सांगितलंत?" भागोजीने नुसती मान डोलावली. आपलेच दात आपलेच ओठ.

खरा घाव पुढच्या आठवड्यात बसला. बंगळूरच्या एका संस्थेत वर्षभर राहून काम करायला ती शेवटच्या पाचात पोचली होती. जी यंत्रं तिने फक्त चित्रात पाहिली होती, ती तिथे हाताळायला मिळणार होती. अट एकच, प्रत्येक आवाज स्वतः घडवलेला हवा. लेख वाचून तिथून पत्र आलं, की तुमचे वडीलच तो आवाज इंजिनाचा म्हणतात, तेव्हा तुमचं नाव बाजूला ठेवत आहोत. राहीने कामाच्या सगळ्या फायली पाठवल्या. उत्तर आलं, पंधरा दिवसांत मासिकाने दुरुस्ती छापली तर बघू. म्हणजे कान असलेली माणसंसुद्धा ऐकायचं सोडून वाचत बसलेली!

भागोजीने त्याच दिवशी मनस्वीला फोन लावला. "बाय, मी खोटं बोललो. तसं छापा."

"एडिटरशी बोलते, काका. पुढचं राहीशीच ठरवते."

बाराव्या दिवशी दुरुस्ती आली, तेराव्या दिवशी बंगळूरचा होकार. जनीने, राहीच्या आईने, शिरा केला. भागोजी दोनदा म्हणाला, "काय छापलंय ते वाच तरी." राही म्हणाली, "चूक सुधारली, झालं." आणि उठून गेली.

त्याला ते खटकलं. शेजारची समीक्षा कॉलेजात जाते, तिच्याकडून त्याने वाचून घेतलं. ती अडखळत मराठीत सांगू लागली. "'राहीचे वडील मच्छीमार आहेत. त्यांना या संगीतातलं काही कळत नाही. मुलीने घडवलेला आवाज त्यांना भोळेपणाने आपल्या इंजिनाचा वाटला.'"

भागोजीने पुन्हा मनस्वीला फोन केला. "मी असं कुठं सांगितलं?"

"काका, ते राहीनेच लिहून दिलं. आम्ही एक शब्द बदलला नाही."

घरी आला तेव्हा राही बॅग भरत होती. तो दारातच उभा राहिला.

"तू लिहिलंस ते?"

राहीने मान वर केली नाही. "मग काय लिहायचं होतं? माझा बाप खोटं बोलला, असं?"

"हां, तसंच!" भागोजीचा आवाज चिरकला. "बोललोच होतो ना खोटं? लबाड म्हणायचं होतंस, मान खाली घालून ऐकलं असतं. बहिरा कशाला केलंस गो मला?"

राहीने कपड्यांची घडी पुन्हा मोडून घातली. तिची गाडी संध्याकाळची होती.