आकडा तोच, माप दुसरं

झरी गावातल्या त्या धनगराच्या घरात दाराला घोंगडी टांगली होती, मेंढ्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून. तीन वाजता दीपिकाला पीएचडीचं शेवटचं सादरीकरण इथूनच, लॅपटॉपवरून, विद्यापीठापुढे करायचं होतं. तिच्या बापाने, भुजंगने, तर चार दिवस आधीच "पोरगी डाक्टर झाली" म्हणून गावभर सांगून टाकलं होतं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

साडेबाराला दीपिकाला चूक सापडली.

तिचा विषय लिथियम-११. या अणुकेंद्रातले दोन न्यूट्रॉन चुकार शेळ्यांसारखे बाकीच्यांपासून लांब राहतात. हे केंद्र हायड्रोजनच्या प्रोटॉनवर आदळलं की किती अंशांनी वळतं, हे ऑप्टिकल पोटेन्शियल नावाच्या सूत्राने काढायचं. पाच वर्षं घासून तिने दाखवलं होतं की साध्या लिथियमचं सूत्र, एकही आकडा न बदलता, या विचित्र लिथियमलाही चालतं. भल्याभल्यांनी भुवया उंचावल्या होत्या.

पण ते चालतच नव्हतं. साध्या लिथियमच्या गणितात त्रिज्या एकट्या लिथियमच्या वस्तुमानाच्या घनमुळावरून निघत होती. लिथियम-११ च्या फाइलमध्ये एका ओळीने प्रोटॉनचं घनमूळही त्यात मिळवलं होतं. सूत्रातला आकडा तोच राहिला आणि पोटेन्शियल गुपचूप दीडपट रुंद झालं. ओळ दुरुस्त केली तशी आलेखाची रेघ प्रयोगाच्या ठिपक्यांवरून पार घसरली. फाइल तिच्या मार्गदर्शकांनी, व्यंकटराव सरांनी दिलेली, त्यामुळे ती ओळ तपासायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

ती बाहेर आली. भुजंग कोकरांना पाला टाकत होता.

"आबा, माझं गणित चुकलंय."

"कोनाला कळलंय?"

"कोनालाच न्हाई. पण सांगितलं तर डिग्री जाईल. सरांचं नाव बी खराब होईल."

भुजंगचा चेहरा उतरला. गावातली सगळी तोंडं त्याच्या डोळ्यापुढून गेली असणार. मग तो म्हणाला, "दुसऱ्याची मेंढी आपल्या वाड्यात दिसली की लगेच हाळी द्यावी लागती. सकाळपस्तोर गप बसला त्यो चोर. मंग खरं बोलून बी उपेग न्हाई. गावाचं मी बघतो."

तीन वाजता दीपिकाने पहिल्याच पानावर नवा आलेख लावला. "माझा निष्कर्ष चुकीचा आहे," ती म्हणाली. मग तिने ती ओळ दाखवली.

पडद्यावर व्यंकटराव सर खाली बघत राहिले. समितीतले नागनाथ सर, एकेकाळी व्यंकटराव सरांचेच विद्यार्थी, पुढे झुकले.

"ही फाइल तुला कुणी दिली?"

व्यंकटराव सरांचं नाव घ्यावं की नाही, दीपिकाला कळेना.

"मी दिली," व्यंकटराव सर म्हणाले. "तुलाही मीच दिली होती, नागनाथ."

नागनाथ सरांनी चष्मा काढला. त्यांची पदवी, त्यांचे सगळे शोधनिबंध त्याच फाइलवर उभे होते.

"सर, माफ करा, मी..." दीपिकाला रडू फुटलं.

"तुझे सहा महिने जातील, पोरी," व्यंकटराव सर म्हणाले. "आमची बारा वर्षं गेली. माफी मागू नकोस. ती ओळ परत दाखव."