मागे राहिलेलं पिल्लू

मी एक पांढरी उंदरीण बोलतेय. अहो, पाय वर घेऊ नका! तुमच्या कणगीतल्या धानाला तोंड लावणारी ती काळी, ती दुसरी. माझा जन्म चंद्रपूरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला. भिजवलेले हरभरे आणि पोळीचा तुकडा खाऊन मी वाढले. घर मात्र आलापल्लीच्या सागाचं. बड्या साहेबांच्या खुर्च्या ज्या लाकडाच्या होतात, त्याच लाकडाची माझी पेटी. एवढा थाट प्राचार्यांच्या घरीही नसेल. फक्त दाराची कडी बाहेरून होती.

चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. गुणवंतराव सरांचं तेव्हा संशोधन चाललं होतं. दारू पोटात गेली की आईची माया कमी होते का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी माझी पिल्लं उचलून पेटीच्या पलीकडच्या कोपऱ्यात ठेवायची आणि मी ती तोंडात धरून घरट्यात परत आणते का, ते बघत बसायचं. आधी मला कधी ड्रॉपरने साधं पाणी पाजायचं, कधी स्पिरिट मिसळलेलं. दारुड्याच्या घरात डोकवायचं सोडून माणसं उंदराच्या पेटीत का डोकावतात, हे मला कधी उमगलं नाही. पण सर वाईट नव्हते. मला धरताना त्यांचा हात हलका असायचा.

त्याहून हलका हात डोमाभाऊंचा. ते तिथले शिपाई. पेटी झाडणं, दाणापाणी देणं, पिल्लं उचलून ठेवणं हे सगळं त्यांच्याकडे. काम करता करता ते माझ्याशी बोलायचे. माणसांत बोलायला त्यांना कोणी उरलं नव्हतं. बायको सुकरी लेकीला, वच्छलाला, घेऊन मूल या गावी, माहेरी निघून गेली होती आणि तिथल्या राइस मिलमध्ये कामाला लागली होती.

कारण एकच, दारू.

"मूलच्या बाजारात वच्छी माह्या पुढ्यात उभी होती, पांढरे," ते एकदा पेटी पुसता पुसता म्हणाले. "'बाबा, बाबा' करून राह्यली होती म्हणे. अन् मी नशेत तिच्या बाजूनं निंगून गेलो. एस्टीत बसलो अन् आलो चंद्रपूरले. बाजार उठला तरी पोरगी तिथीच उभी."

सुकरीने मग एकच निरोप धाडला होता. दारू सुटेल तेव्हाच पोरीचं तोंड बघायला या.

माझी पहिली वीण झाली तेव्हा डोमाभाऊ पीतच होते. पैसे नसले की प्रयोगशाळेतल्या स्पिरिटच्या बाटलीला हात घालायचे आणि जेवढं कमी व्हायचं तेवढं नळाचं पाणी भरून ठेवायचे. सर मला मोठ्या गंभीरपणे "दारू" पाजत. ती असायची पाणीच. मी पाजल्यापाजल्या धावत जाऊन सगळी पिल्लं घरी आणायची आणि सर टक्कल खाजवत बसायचे. डोमाभाऊंची चोरी अशी माझ्या पथ्यावर पडली. ती पिल्लं धडधाकट वाढली, आणि आमच्यात वाढलेली पिल्लं जिथं जातात तिथं, दुसऱ्या पेट्यांत गेली.

मग डोमाभाऊंनी दारू सोडली. खरोखर सोडली. पहिले काही दिवस त्यांचे हात इतके कापायचे की दाणे पेटीबाहेर सांडायचे. हळूहळू हात थांबले. तोंडाचा वास गेला. सुकरीचा निरोप आला, शनिवारी दुपारी मूलच्या स्टँडवर या आणि वच्छीला चार दिवस घेऊन जा. त्या दिवशी त्यांनी लेकीसाठी घेतलेल्या प्लॅस्टिकच्या चपला मला दाखवल्या. तळहातावर ठेवून म्हणाले, "एवढाच असल न पाय आता?" मला काय ठाऊक! पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मीही मिशा हलवल्या.

त्याच आठवड्यात माझी दुसरी वीण झाली होती. कपाटात नवी बाटली आली होती, आणि आता तिच्यात पाणी घालणारं कोणी नव्हतं.

सरांनी ड्रॉपर तोंडात घातला. घशात आग झाली. मग पेटी कलली आणि कललेलीच राहिली. पिल्लं पलीकडच्या कोपऱ्यात ठेवली होती. आमची पिल्लं आईपासून दूर पडली की फार बारीक आवाजात ओरडतात. माणसाच्या कानाला तो आवाज येतच नाही. तो आईसाठीच असतो. मला तो ऐकू आला. मी उठले, भुशातून झोकांड्या खात कोपऱ्याशी गेले, एका पिल्लाच्या अंगावर पाय दिला आणि त्यांच्या बाजूने निघून गेले.

"सर, उचलू काय आता?" डोमाभाऊ विचारत होते.

"थांबा, डोमाजी. वेळ पूर्ण होऊ द्या."

वेळ पूर्ण झाली तेव्हा भिंतीला लागून पडलेलं एक पिल्लू गार झालं होतं. डोमाभाऊंनी ते ओंजळीत घेतलं आणि त्याच्यावर तोंडाची वाफ सोडत राहिले. ते हललं नाही. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"माहीच गत झाली न तुही, पांढरे," एवढंच ते बोलले.

सर मात्र खूश होते. "आत्ता कुठं निकाल दिसला! शनिवारी सकाळी पुन्हा एकदा बघू."

शनिवार उजाडला. सर यायच्या आधीच डोमाभाऊ आले. अंगात धुतलेला सदरा, खिशातून डोकावणाऱ्या त्या चपला. दुपारच्या एस्टीने त्यांना मूलला जायचं होतं. त्यांनी कपाट उघडलं आणि बाटली काढली.

"घाबरू नको. आज तुले पानीच भेटल," ते मला म्हणाले.

त्यांना स्पिरिट मोरीत ओतायचं होतं, दुसरं काही नाही. मी पाहत होते ना! बूच काढलं, बाटली कलती केली, थोडं ओतलंही. मग वास वर आला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. बराच वेळ ते तसेच उभे होते. मी पेटीच्या जाळीला दात लावले, कुरतडलं, आवाज केला. उंदरीण आणखी काय करणार?

बुडत्याचा पाय खोलात. त्यांनी पेल्यात ओतून, पाणी घालून घेतली, मग पुन्हा घेतली. बाटलीत मात्र आठवणीने नळाचं पाणी भरून ठेवलं.

सर आले, मला पाणी पाजलं, आणि मी एकूण एक पिल्लू घरट्यात नेलं. सर कपाळाला हात लावून वर्गावर गेले. डोमाभाऊ कपाटाला टेकून खाली बसले, मग आडवे झाले. दुपारची एस्टी त्यांच्यावाचून गेली.

उन्हं कलल्यावर दारात दोघी उभ्या राहिल्या. सुकरी आणि वच्छला. स्टँडवर वाट पाहून पाहून सुकरी स्वतःच पोरीला घेऊन आली होती. नवऱ्याकडे तिने पाहिलं. तिथंच उंबऱ्यावर बसली.

वच्छलाने बापाच्या खिशातल्या चपला हळूच काढल्या आणि पाय घालून बघितले. टाचा बाहेर आल्या. वर्षभरात पोरगी वाढली होती. तिने चपला माझ्या पेटीवर ठेवल्या आणि आत वाकून बघायला लागली. सगळी पिल्लं घरट्यात असूनही मी पलीकडच्या कोपऱ्यात फिरत होते, भुसा उकरत होते.

"माय, हे उंदरीन काय धुंडून राह्यली?"

"एखादं पोरगं मागं राह्यलं असल तिचं."

वच्छलाने जाळीला नाक लावलं. मग म्हणाली, "मंग हे धुंडते तरी."

सुकरीने तिचा हात धरला आणि दोघी गेल्या. डोमाभाऊंना जाग आली तेव्हा दिवस बुडाला होता. पेटीवरच्या चपला बघून त्यांना सगळं कळलं. त्यांनी त्या उचलल्या नाहीत.

आता मी म्हातारी झाले आहे. प्रयोगाला नवी उंदरीण आली आहे आणि चपला अजून माझ्या पेटीवरच आहेत. डोमाभाऊ कधी पिऊन येतात, कधी न पिता. मी त्यांना कधी चावले नाही. माझी पिल्लं त्यांनी दोनदा वाचवली, त्यांना कसं चावू? तुमची ओळख असेल तर मूलला जाऊन सुकरीला सांगा की त्या दिवशी ते निघालेच होते, धुतलेला सदरा घालून. ती ऐकणार नाही. तरी सांगा. मला तर या पेटीतून निघताही येत नाही. दार उघडलं की मी आधी पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बघते.