फ्रेंचमधलं ‘आलोच’

रत्नाकरने ‘आलोच’ म्हटलं की विद्या भात झाकून मासिक उघडी. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

हा रत्नाकर बंगळूरच्या एका सरकारी विमान कारखान्यात इंजिनिअर. बासष्ट साली तिथून एका माणसाला सहा महिने फ्रान्सला धाडायचं ठरलं. निवड व्हायच्या आतच रत्नाकरने लोकरी कोट शिवला आणि अर्ध्या मल्लेश्वरमचा निरोप घेऊन टाकला. अट एकच होती, फ्रेंच बोलता आलं पाहिजे.

पाँडिचेरीचे एक मास्तर संध्याकाळी शिकवायला येत. “भविष्यकाळ दोन,” ते म्हणाले. “जवळचा हवा तर आधी ‘जाणे’ लावा: झ व्हे पार्तीर, हा निघतोच. लांबचा हवा तर क्रियापदालाच शेपूट: झ पार्तिरे, निघेन. केव्हातरी.”

“आमच्या कारखान्यात दुसराच चालतो,” रत्नाकर म्हणाला. वर्ग हसला. त्या खुशीत पहिला वहीत उतरवायचा राहिला.

मुलाखतीला एक फ्रेंच साहेब आणि टिपणं घ्यायला कचेरीचे नरसिंहराव. साहेबांनी विचारलं, “फ्रान्सला याल ना?” लांबचा भविष्यकाळ वापरावा तर माणूस टाळतोय असं वाटायचं, आणि जवळचा आठवेना. रत्नाकरने मग घरची घाई फ्रेंचमध्ये ओतली. “झ स्वी व्हनू!” आलोच!

साहेबांच्या भुवया वर गेल्या. “हे येऊन गेलेत,” त्यांनी नरसिंहरावांना इंग्रजीत सांगितलं. नरसिंहरावांनी लिहून घेतलं. जाऊन आलेल्याला पुन्हा पाठवायचं नाही, असा नियम होता. निवड झाली शेजारच्या टेबलावरच्या नागनाथची. त्याला फ्रेंचमध्ये ‘नाही’ एवढंच धड म्हणता येई, पण ‘आधी जाऊन आलात का?’ला तेवढं पुरलं.

“काय हो, फ्रान्सला जाऊन आलात आणि आम्हाला पत्ता नाही?” नरसिंहरावांनी दुसऱ्या दिवशी गाठलं. “सेंटची एक बाटली तरी!”

“सर, ‘आलो’ म्हणजे येणार! तुमच्या कन्नडमध्येसुद्धा ‘बंदे’ म्हणतातच की!”

“सरी, बरोबर, म्हणतात. पण फाइल कन्नडमध्ये नाही ना.”

रत्नाकरने अर्ज केला. महिन्याने उत्तर आलं, ‘आपल्या विनंतीचा योग्य वेळी विचार केला जाईल.’

“म्हणजे कधी?” विद्याने विचारलं.

“लांबचा आहे,” रत्नाकर म्हणाला. व्याकरण आता पक्कं झालं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने हाक आली, “पानं घेतलीयत हो!”

रत्नाकर कोटाला डांबरगोळ्या घालत होता.

“आलोच!”

विद्याने मासिक उघडलं.