तव्याचा आवाज

आत्याची नजर दोन वर्षांत पूर्ण गेली, आणि तेव्हापासून भाच्याने तिला गॅसजवळ फिरकू दिलं नव्हतं. तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात नुसत्या आवाजांवर काम केलेली बाई आता खुर्चीत बसून आयतं जेवत होती, आणि ते तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

रविवारी सकाळी भाचा आंघोळीला गेला तशी ती उठली. तिने वाडग्यात दोन अंडी फोडली, टरफलाचे कण बोटाने चाचपून काढले, दूध-साखर घालून फेटलं आणि त्यात पावाचे स्लाइस बुडवले. तव्यावर लोणी सोडून, स्लाइस टाकून ती कान देऊन उभी राहिली. चुरचुर मंदावली की उलटायचं, एवढंच तर होतं.

भाचा ओल्या केसांनी धावत आला. "आत्या, बाजूला हो. भाजशील."

"भाजलंय एक बोट," उलथनं न सोडता ती म्हणाली. "तुझ्या आईचं तर रोज भाजायचं. तिला कुणी स्वयंपाकघरातून हाकललं नाही."

तो गॅस बंद करायला पुढे सरकला. पावलांवरून तिला ते कळलं.

"बटणाला हात लावायचा नाही. बस तिकडे."

तो बसला. तिने ताटली अचूक त्याच्यासमोर ठेवली.

"कड करपलीये," तो म्हणाला.

"मला वास आलाय. खा."

त्याने करपलेल्या कडेसकट सगळं खाल्लं. मग म्हणाला, "उद्या अंडी आणतो."

"पावही आण," आत्या म्हणाली आणि पुढचा स्लाइस तव्यावर टाकला.