दोन बुचं दवाई

कीड दिसली की फवारायची, एवढं एकच शास्त्र देवराव शिकला होता. वीस वर्षं लोकांच्या कपाशीवर पाठीला पंप बांधून त्याने ते इमानेइतबारे पाळलं. २००६ सालच्या त्या हंगामात तर बोंडं कमी आणि दवाई जास्त, असा कारभार होता. म्हणून पोरीच्या चिखलाच्या डब्यांत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या, तेव्हा त्याने कोणाला काही विचारलं नाही.

माया बारावीत होती. नाल्याकाठची माती आणि शेण कालवून तिने सहा डबे भरले होते, जुन्या सेलांतल्या काळ्या कांड्या त्यात खुपसल्या होत्या आणि तारा जोडून त्या चिखलावर चक्क एक छोटं आकड्यांचं घड्याळ चालवलं होतं. मातीत बारीक जीव असतात, त्यांच्या जगण्यातून वीज निघते, असं तिने बापाला समजावलं. त्याने मान डोलावली. समजलं काही नाही. त्याला एवढंच कळत होतं, की अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिल्या येणाऱ्या मुलीला अमरावतीच्या कॉलेजात वसतिगृहासकट जागा मिळणार आहे. नाहीतर त्याच्या थोरल्या भावाने, पुंजारामने, स्थळ आणून ठेवलेलंच होतं. थोरल्याचा शब्द मोडायची घरात रीत नव्हती. प्रदर्शनापर्यंत थांबा, एवढंच देवरावने कसंबसं मागून घेतलं होतं.

आणि अशा डब्यांना कीड लागावी? प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी माया शाळेत असताना त्याने प्रत्येक डब्यात दोन बुचं दवाई टाकली, काडीने ढवळली आणि हात धुतले. त्याला फार बरं वाटलं. पोरीसाठी करण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं होतं तरी काय?

प्रदर्शनात, अकोल्याच्या जठारपेठेतल्या शाळेत, परीक्षक टेबलापाशी आला, तेव्हा घड्याळ कोरं पडलं होतं. मायाने तारा काढून पुन्हा लावल्या. मग वाकून एका डब्याचा वास घेतला आणि ती थिजली. तो वास वऱ्हाडात शेंबडं पोरही ओळखतं. परीक्षक भला माणूस होता. कोणी काही टाकलं असेल तर सांग, पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवता येईल, असं त्याने दोनदा बजावलं. मागे देवराव धुतलेल्या सदऱ्यात छाती काढून उभा होता.

"नाही सर," माया म्हणाली. "मीच चुकली."

एसटी स्टँडवर त्याने विचारलं, घडी कशानं बंद पडली. दवाईने चिखलातले जीव मेले, हे तिने आवाज न चढवता सांगितलं.

"मंग सरले काहून नाही सांगतलं, बाई?"

"तुमी तिथंच उभे होते, बाबा."

देवराव तसाच धावत शाळेत गेला. परीक्षकासमोर हात जोडून म्हणाला, म्या टाकली, पोरीचा काही कसूर नाही. परीक्षक हळहळला. पण निकाल लागून गेला होता, आणि चूक माझीच, असं पोरीने चारचौघांत सांगितलं होतं.

रविवारी पाहुणे आले. मायाने खाली मान घालून पोहे दिले. पुंजारामने धाकट्याकडे पाहिलं, काय म्हणतोस म्हणून. देवरावने होकार दिला. नाही म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं.