करंजाची करंजी

"सर, करंजीवर जीप चालते का?"

पैज लावली शेजारच्या श्रद्धानं, पण उभी राहिली देविका. लातूरच्या त्या खच्चून भरलेल्या क्लासमध्ये असा हशा पिकला की खिडकीतली कबुतरं उडाली. आदल्या दिवशी अंबरीश सरांनी रसायनाच्या तासाला करंजाच्या तेलाचं डिझेल सांगितलं होतं, आणि मागच्या बाकावर पोचेपर्यंत करंजाची करंजी झाली होती.

"सारण कशाचं भरू?" सर म्हणाले. हशा ओसरल्यावर मात्र गंभीर झाले. "करंजाचं तेल कडूजहर. कुणी खात नाही. म्हणजे कुणाच्या ताटातलं न काढता गाडी चालते. धूर कमी, आणि हवेत जातो त्यातला बराच कार्बन झाडं पुन्हा ओढून घेतात. फक्त हे स्वस्तात करायचं कसं, ते अजून कुणाला नीट जमलेलं नाही."

देविका खाली बसायचंच विसरली. 'जमलेलं नाही' म्हणजे जागा रिकामी आहे की!

संध्याकाळी तिच्या वडिलांनी, निवृत्तीनं, जीप नेहमीसारखी लांब, रसवंतीपलीकडे उभी केली होती. लातूर-मुरुड फेऱ्या मारणारी ती म्हातारी जीप सुरू झाली की गल्ली काळी होई. पोरीच्या मैत्रिणींनी नाकाला ओढणी लावू नये, म्हणून तो लांब थांबे.

"अण्णा, उद्यापासून गेटासमोर थांबा."

"येडी का काय! खोकून मरतील पोरी," तो हसला, आणि स्वतःच खोकत राहिला.

रात्री आईनं, शिवम्मानं, दोघांना भाकरी वाढली. भूकंपाच्या पहाटे याच जीपमधून निवृत्तीनं किल्लारीचे जखमी लातूरला आणले होते. एक लेकरू औशाजवळ शांत झालं. तेव्हापासून 'आमची देवी डॉक्टर होणार' हे घरात ठरूनच गेलं होतं.

"अण्णा, जीपमधी डॉक्टर असता तर ते लेकरू वाचलं असतं?"

"वाचलं असतं की. म्हून तर तुला..."

"आन् तुमचा खोकला?"

"औषध चालू हाय की गं," शिवम्मा म्हणाली.

"औषध बी चालू हाय, अव्वा, अन् धूर बी चालू हाय."

निवृत्तीनं घास खाली ठेवला. देविका बोलतच राहिली.

"मी डॉक्टर न्हाई होणार, अण्णा. रसायन शिकणार. दवाखान्याला माणसं नेणारी गाडी तुम्ही चालवली. तिच्यातलं तेल मी करणार."