पिंपळाखालची टाकी

सिंगापूरला, सेम्बावांगच्या आमच्या भाड्याच्या घरात नागसेननं, माझ्या मुलानं, अंगणातला गंजका पत्रा उचलला आणि खाली लोखंडी टाकी निघाली! जुनी, डिझेलची. घरात सगळ्यांचे चेहरे पडले. मला मात्र एकदम वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. मनमाडच्या तेल डेपोत बत्तीस वर्षं मी दुसरं केलं काय?

मालकिणीनं धाडलेल्या कंत्राटदार लिमनी भोवतीची माती उकरून टाकीची दोन्ही तोंडं उघडली. आत अजून तेल होतं. म्हणाले, "अंकल, गळत नसेल तर साफ करून आत वाळू भरू. गळत असेल तर उपटावी लागेल. मग झाड जाणार."

झाड म्हणजे आमचा पिंपळ. दर रविवारी त्याच्याखाली बुद्धवंदना होते, तीसेक मराठी माणसं जमतात. आठवड्यात मला पोटभर बोलायला मिळतं ते तेवढंच.

"माप मी घेणार," मी बजावलं. कपडे वाळत घालायच्या बांबूला खडू फासला आणि संध्याकाळी टाकीत तळापर्यंत सोडला. चौदा इंच ओला. सकाळी पुन्हा सोडला. तेरा! म्हणजे गळती.

खोटं बोलायची सवय नाही, म्हणून लिमना मीच सांगितलं. ते झाड कापणाऱ्यांना फोन लावू लागले. मी बुंध्याशी मटकन बसलो, तर समोर मांडीएवढं मूळ थेट टाकीखाली शिरलेलं. टाकीचं ते टोक चांगलं वर उचललेलं!

"थांबा! फोन ठेवा!"

डेपोत आमच्या टाक्यांना मापाचं तोंड एकच असायचं. हिला दोन. काल मी भिंतीकडच्या तोंडातून माप घेतलं. आज तिथं लिमचे पाइप पडलेले, म्हणून बेधडक पिंपळाकडच्या तोंडातून. उचललेल्या टोकाला तेल कमीच लागणार! एखाद्या शिकाऊनं असं केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं.

पाइप ढकलले, नवा खडू फासला, कालच्याच तोंडात बांबू सोडला. नात श्रिया टेप घेऊन वाकली.

"फोर्टीन, आजोबा! नॉट लीकिंग ला!"

लिमनी स्वतः दोनदा बांबू बुडवून पाहिला. दोन्ही वेळा चौदा. मग फोन लावला, तो वाळूवाल्याला.

रविवारी वंदनेनंतर नागसेन सगळ्यांना सांगू लागला, बाबांनी झाड वाचवलं. मी त्याला गप्प केलं. झाड मी जवळजवळ पाडलंच होतं, वाचवलं त्याच्याच मुळानं. हे मी सगळ्यांना सांगितलं, आणि मग तासभर बोलतच राहिलो.